इंदापूरची पैमाष आणि सर्व्हरचा पाया

चालता कारभार बंद न पाडता त्याची नवी मांडणी करावयाची, आणि त्या मांडणीचा पाया स्वतः घालावयाचा की दुसऱ्याने घातलेला उचलावयाचा, या पेचात इंदापूर तालुका १८३५ च्या सुमारास सापडला होता. इंटरनेटवर पाने पुरविणाऱ्या वेब सर्व्हरचे कर्ते त्याच पेचात गेल्या तीस वर्षांत वारंवार सापडले आहेत. या दोन गोष्टी एकाच लेखात आणणे काही वाचकांना विक्षिप्त वाटेल. परंतु त्याच तालुक्यातील पळसदेव गावच्या शेतकऱ्याने आज आपला सातबारा मोबाइलवर मागितला, तर त्या एका मागणीमागे हे दोन्ही पाये कामाला लागतात. उताऱ्यावरील क्षेत्र आणि आकार हे रकाने इंग्रजी अमदानीतील पैमाषीच्या वंशातले असतात, आणि तो उतारा दूरच्या यंत्रातून काढून हातात ठेवणारे सॉफ्टवेअर अगदी निराळ्या कुळातले असते. दोघांच्याही पूर्वजांना मात्र एकाच प्रश्नाने छळले होते.

इंदापूर हा मूळचाच अवर्षणाचा मुलूख. उत्तरेकडून भीमा आणि दक्षिणेकडून नीरा अशा दोन नद्यांनी तालुक्याला कवेत घेतले असले, तरी त्यांचे पाणी मधल्या माळाला शिवत नसे. वस्ती मात्र जुनी. पळसदेवचा शके १०७९ चा शिलालेख मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांत गणला जातो, यावरून या भीमाकाठी लिहिण्या-नोंदण्याची परंपरा किती मागे जाते याची कल्पना यावी. मलिक अंबराचा तनखा आणि पेशव्यांचा कमाल अशा दोन जमाबंद्या या प्रांतावरून होऊन गेल्या होत्या. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, १८०२-०३ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख तुडविला, त्याच्या पाठोपाठ दुष्काळ पडला, आणि गावेच्या गावे ओस पडली. १८१८ साली कंपनी सरकारकडे ताबा आला तेव्हा दफ्तरात कमालाची बेरीज शाबूत होती. शेतातून ती निघत मात्र नव्हती.

ही जुनी बेरीज मोडीत काढून नवी शास्त्रशुद्ध मांडणी करण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे आले. प्रिंगल हा अर्थशास्त्रज्ञ मॅल्थस ज्या हेलीबरीच्या महाविद्यालयात शिकवीत असत तेथून शिकून आलेला, आणि रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत हाच जमाबंदीचा खरा आधार होय, अशी त्याची दृढ श्रद्धा होती. जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा सर्व खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरते, त्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यावे, असे त्याने ठरविले. सिद्धांत म्हणून यात नाव ठेवण्यासारखे फारसे नाही. परंतु हे निव्वळ उत्पन्न ठरवावयाचे म्हणजे प्रत्येक प्रतीच्या जमिनीत बियाणे किती पडते, औत किती दिवस चालते, मजुरीला काय लागते, पिकते किती आणि विकते कशाला, याचा तपशील हजारो शेतांबद्दल गोळा करावयास हवा होता. तो गोळा करणार कारकून, सांगणार पाटील-कुळकर्णी, आणि त्यांनी सांगितलेले खरे की खोटे याची रुजवात घेण्यास साहेबाजवळ कसलेही साधन नव्हते. परिणामी आकडे अपूर्णांकापर्यंत काटेकोर आणि मुळात निराधार असा प्रकार झाला. १८३० च्या सुमारास हे आकार लागू झाले, धान्याचे भाव पडले, एक-दोन हंगाम वाईट गेले, आणि थोड्याच वर्षांत सूट आणि तहकुबी यांवाचून इंदापूरची वसुली होईना. रयत जमिनी टाकून निजामाच्या मुलखात जाऊ लागली.

येथे हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड आणि इंजिनिअर पलटणीतील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हे दोन तरुण रंगभूमीवर येतात. दोघेही तेव्हा विशीतले. त्यांच्या कामाची जी स्तुती सामान्यतः केली जाते ती नवी जमाबंदी शोधून काढल्याबद्दलची असते. मला त्यांची खरी हुशारी दिसते ती त्यांनी काय फेकले नाही यात. पडलेल्या इमारतीचा दगडन्‌दगड त्याज्य मानण्याचा मोह नव्या कर्त्याला नेहमीच होतो, आणि प्रिंगलची बदनामी तर इतकी झाली होती की, त्याचे सर्वच दफ्तर नदीत बुडविले असते तरी कोणी हरकत घेतली नसती. यांनी तसे केले नाही. प्रिंगलची मोजणी त्यांनी शेतांवर जाऊन पुन्हा साखळी टाकून तपासली, ती बहुतांशी उपयोगी पडण्याजोगी निघाली, आणि म्हणून ती ठेवून दिली. प्रतबंदी नव्याने केली. निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत मात्र त्यांनी मुळासकट काढला, आणि त्याच्या जागी जे बसविले ते दिसावयास अगदीच गावठी होते: मागील वर्षांत या तालुक्याने प्रत्यक्षात किती वसूल दिला, किती बाकी राहिली, लागवड केव्हा वाढली आणि केव्हा घटली, हे दफ्तरातून काढून त्यावरून तालुक्याला झेपेल अशी एकूण रक्कम ठरवावयाची, आणि ती जमिनीच्या प्रतीप्रमाणे शेतांवर वाटून द्यावयाची.

ही प्रत ठरविण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात ती पक्क्या नियमांत बांधली गेली. शेताचा कच्चा नकाशा काढून त्यावर कल्पित रेघांनी सारखे चौकोन पाडीत. प्रत्येक चौकोनात जमीन उकरून मातीची खोली पाहत. पावणेदोन हात खोल काळी चिकण माती असली म्हणजे ती सोळा आणे. दीड हात असली तर चौदा. सव्वा हाताला बारा, हाताला दहा, आणि असे उतरत उतरत नवव्या प्रतीची हलकी बरड जमीन दोन आण्यांवर येई. मग मातीत चुनखडी आहे, वाळू मिसळलेली आहे, शेताला उतार आहे, पाणी मुरत नाही, ओढा बांध धुऊन नेतो, अशा दोषांच्या खुणा त्याच चौकोनात मांडीत, आणि प्रत्येक खुणेमागे प्रत एकेक पायरीने खाली येई. सर्व चौकोनांची सरासरी ती शेताची प्रत. यात अर्थशास्त्र नाही, भावाचे भाकीत नाही, कुणाच्या तोंडच्या माहितीवर विसंबणे नाही. साहेबाला संशय आला तर त्याने घोड्यावरून उतरून स्वतः खड्डा खणावा आणि हातभर दोरी आत सोडून पाहावी, एवढाच काय तो पुरावा. शेताला नंबर, नंबराला हद्दीचे दगड, तीस वर्षे आकार कायम, त्या मुदतीत विहीर खणली तरी ज्यादा आकार नाही, आणि नको असेल तो नंबर राजीनामा देऊन सोडण्याची मुभा. १८३६ साली इंदापुरात हे सुरू झाले आणि तेथून एकेक तालुका करीत इलाखाभर पसरले. एकदम सर्व इलाख्याला लावण्याची घाई केली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण ज्यांनी ती केली त्यांची हकीकत पुढे यावयाची आहे.

आता दुसऱ्या कुळाकडे वळू. वेब सर्व्हर हा कार्यक्रम एका वाक्यात सांगावयाचा तर दारावर बसलेल्या शिरस्तेदारासारखा आहे: मागणी घ्यावयाची, दफ्तरातून कागद काढावयाचा, देऊन टाकावयाचा, आणि पुढच्या माणसाकडे वळावयाचे. एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल याने असा एक सर्व्हर लिहिला आणि तो जगभर वापरला जाऊ लागला. १९९४ साली मॅकूल संस्था सोडून गेला. सर्व्हर चालविणाऱ्या लोकांनी आपापल्या दुरुस्त्यांच्या ठिगळांची देवाणघेवाण सुरू केली, ब्रायन बेलेनडॉर्फ आदिकरून काही जणांनी ती एकत्र केली, आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये अपाची हा सर्व्हर बाहेर पडला. ठिगळे किती लावावयाची याला मर्यादा असतेच. त्याच वर्षी रॉबर्ट थाऊ याने आतली सगळी रचना बदलली, आणि तीत एक अशी गोष्ट आणली जी पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकली. पूर्वी सर्व्हर एखाद्या मागणीसाठी यंत्राच्या स्मृतीचे तुकडे ठिकठिकाणी घेई आणि काम संपल्यावर ते परत करावयाचे राहून जाण्याची भीती असे. असे न परतलेले तुकडे साठत गेले की यंत्राची स्मृती भरून जाई. थाऊने प्रत्येक मागणीसाठी एकच साठा नेमून दिला. त्या मागणीला लागेल ते सर्व त्या साठ्यातून घ्यावयाचे, आणि उत्तर पाठवून झाले की तुकड्यांचा हिशेब न करता सगळा साठा एकदम मोकळा करावयाचा. युक्ती साधी आहे. विंगेटच्या खड्ड्याप्रमाणे ती कुणालाही तपासता येते, हा तिचा विशेष.

अपाचीच्या दुसऱ्या आवृत्तीची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा पायाचा प्रश्न उघडपणे पुढे आला. सर्व्हर युनिक्सवर वाढलेला, आणि आता तो विंडोजवरही नीट चालावयास हवा होता. शिवाय एकेका मागणीमागे एकेक स्वतंत्र प्रक्रिया गुंतवून ठेवण्याची जुनी पद्धत मोठ्या गर्दीला पुरेनाशी झाली होती. दर यंत्रागणिक निराळे लिहीत बसण्यापेक्षा फाइल उघडणे, स्मृती घेणे, जाळ्यावरून बोलणे ही खालची कामे एका वेगळ्या लायब्ररीत काढावयाची आणि सर्व्हर तिच्या खांद्यावर उभा करावयाचा, असे ठरले. या लायब्ररीचे नाव एपीआर. ती बाहेरून आणलेली नव्हती. थाऊचे साठे आणि घरातच घासून गुळगुळीत झालेल्या इतर वस्तू बाहेर काढून ती बनविली होती. प्रिंगलची तपासलेली मोजणी ठेवणाऱ्यांच्या जातीचाच हा निर्णय, असे मला वाटते. पुढे सबव्हर्जनसारख्या वेगळ्याच कार्यक्रमानेही तिचा आधार घेतला. दुसरी आवृत्ती एप्रिल २००२ मध्ये सर्वांस वापरावयास खुली झाली. तरीही जुनी १.३ आवृत्ती २०१० पर्यंत सांभाळावी लागली. कारण सर्व्हरला जोडून असंख्य मॉड्यूल लिहिले गेले होते, आणि एका प्रक्रियेत अनेक धागे चालविण्याची नवी पद्धत पीएचपी या भाषेच्या भोवतीच्या पुष्कळ लायब्ऱ्यांना मानवत नव्हती. पाया बदलला तरी त्यावर उभ्या असलेल्या भाडेकरूंना हलविता येत नाही, हा अनुभव तेथेही आलाच.

उलट बाजूची हकीकत लाइटी या सर्व्हरची. डॅन केगल याने १९९९ साली एक प्रश्न मांडला होता, की एकाच यंत्राला एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइके का सांभाळता येऊ नयेत; त्याचे उत्तर म्हणून यान क्नेश्के या जर्मन प्रोग्रामरने २००३ साली हा हलका सर्व्हर लिहिला. त्याची १.४ ही मालिका नावारूपाला आल्यावर १.५ आरंभली, ती अपुरी राहिली. मग दोन क्रमांकाची मांडणी संपूर्ण नव्याने घ्यावयाचे ठरले. तिच्यासाठी निवडलेला पाया कागदावर उत्तम होता. अनेक जोडण्यांवर एकदम नजर ठेवण्यासाठी लिबेव्ह ही मार्क लेहमानची चपळ लायब्ररी, याद्या, कोष्टके, अक्षरमाला इत्यादी नित्याच्या वस्तूंसाठी जीलिब, आणि मांडणीच्या सूचना लिहिण्यास लुआ ही भाषा. यांपैकी जीलिब ही जीटीकेच्या, म्हणजे खिडक्या आणि बटणे रेखाटणाऱ्या कार्यक्रमांच्या, कुळातून आलेली. स्मृती मागूनही मिळाली नाही तर कार्यक्रम तेथल्या तेथे संपवावयाचा, असा तिचा शिरस्ता. चित्र रंगविणाऱ्या माणसाला हा शिरस्ता खपतो. हजारो लोकांची उत्तरे अर्धवट हातात असलेल्या सर्व्हरला तो खपवून घ्यावा की नाही, यावर शहाण्या माणसांत मतभेद व्हावेत हे साहजिक आहे. तथापि लाइटीची नवी मांडणी अडली ती केवळ लायब्ऱ्यांच्या निवडीमुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुने घर रोज राबत होते, त्याची डागडुजी थांबविता येत नव्हती, आणि नव्या घराला तालुका-तालुक्याने वस्ती आणण्याची सोयच त्या योजनेत नव्हती. दुसरी आवृत्ती आजवर स्थिर म्हणून बाहेर आलेली नाही, १.४ मात्र अद्याप चालू आहे आणि तिच्या सुधारणा निघतच असतात.

इगोर सिसोयेव्ह या रशियन कर्त्याने तिसरा मार्ग घेतला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एनजिनएक्समध्ये स्मृतीचे साठे, अक्षरमाला, जोडण्यांवरची नजर हे सगळे त्याने स्वतः लिहिले, आणि बाहेरून घेतले ते तीनच जिन्नस: नमुने जुळविण्यास पीसीआरई, मजकूर दाबून लहान करण्यास झेडलिब, आणि गुप्त संभाषणास ओपनएसएसएल. कर्ता असामान्य ताकदीचा असेल तरच या मार्गाने जावे.

परंतु उसन्या पायाची किंमत या तीन जिनसांतूनही चुकली नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला. दुसऱ्या टोकाचे यंत्र जिवंत आहे ना, हे विचारण्याच्या एका क्षुल्लक सोयीत मागणाऱ्याने सांगितलेली लांबी पडताळून न पाहताच तेवढा मजकूर परत पाठविला जाई, आणि त्याबरोबर सर्व्हरच्या स्मृतीतील गुपिते बाहेर जात. अपाची काय नि एनजिनएक्स काय, सर्व्हर कोणत्या घराण्याचा हा प्रश्नच तेव्हा उरला नाही. पाया एक असल्यामुळे तडा सर्वांना गेला. सांगणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर रुजवातीवाचून विश्वास ठेवावयाचा, हा प्रिंगलच्या कारकुनांचाच दोष होता, हे येथे सहज आठवते.

गोल्डस्मिड-विंगेटचा पायाही निर्दोष नव्हता, आणि त्याचा तडा याच टापूत दिसला. इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपून १८६७ साली फेरआकारणी झाली, ती अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे आणि इतर मालाचे भाव चढले होते त्या काळाच्या मागोमाग. जमिनीची प्रत खड्डा खणून ठरत होती, पण एकूण रक्कम किती वाढवावी याचा निर्णय मागील वसुलीवर आणि चढत्या भावांवरच टेकलेला होता, आणि भाव लवकरच उतरले. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे काढून जाळले, आणि दक्षिणेतील दंग्यांना तोंड लागले. चौकशी आयोगाने मुख्य भर सावकारी कर्जावर दिला. ऑकलंड कॉल्विन या सभासदाने मात्र वाढविलेल्या साऱ्याचा वाटा स्वतंत्रपणे दाखवून दिला. १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा त्यातूनच आला. एकाच यंत्रणेचा एक भाग तपासण्याजोगा आणि दुसरा अंदाजाचा असला म्हणजे सगळा राग अंदाजाच्या भागावर निघतो, तपासण्याजोगा भाग मात्र पुढच्या पिढीकडे मुकाट्याने जातो. इंदापुरातही प्रतबंदी टिकली आणि दर तेवढे बदलत राहिले.

कोणता पाया पुढे बदलता येतो, याचेही दाखले दोन्हीकडे आहेत. पीसीआरई ही फिलिप हेझलने १९९७ च्या सुमारास लिहिलेली लायब्ररी कालबाह्य झाल्यावर एनजिनएक्सने २०२१ च्या डिसेंबरात तिची दुसरी पिढी वापरावयास घेतली, आणि ती सर्व्हरला एकाच दाराने चिकटलेली असल्यामुळे वापरणाऱ्यांच्या सहसा ध्यानातही आले नाही. आपल्याकडे तेहेतीस फुटांची शंकुसाखळी, तिच्या चौरसाचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, ही मापे इतकी स्वच्छ बांधलेली होती की दशमान पद्धत आल्यावर सातबाऱ्यावरील क्षेत्र एका गुणाकाराने हेक्टर-आरमध्ये गेले. गावात बोलताना लोक गुंठेच बोलतात, आणि दोहोंचा मेळ बसतो. जेथे दारे अनेक होती तेथे हे साधले नाही. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली पुष्कळ गावांत जुने सर्व्हे नंबर मोडून गट नंबर आले, आणि ते पुष्कळ ठिकाणी जुन्या मोजणीच्या कागदांवरूनच बांधले गेल्यामुळे कागदावरचा गट आणि बांधावरचा ताबा यांत तफावत पडली.

पळसदेवच्या दफ्तराला यात आणखी एक घडी पडली. उजनी धरण १९८० साली पुरे झाले, सुमारे ११७ अब्ज घनफूट पाण्याचा साठा भीमेत उभा राहिला, आणि जुने गाव पळसनाथाच्या मंदिरासह त्याखाली जाऊन नवे गाव महामार्गालगत वसले. जमिनी संपादित होऊन सरकारच्या नावे फेरफार झाले, पण नंबर रद्द झाले नाहीत. पाणी ओसरते त्या साली उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीचा पट्टा द्यावयाचा झाला, तरी ती कोठे येते हे सांगण्यास त्या नकाशांचाच आधार घ्यावा लागतो.

भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक अलीकडे उपग्रहांचे संकेत पकडणारा रोव्हर घेऊन बांधावर येतो, आणि पूर्वी दिवसभर साखळी ओढून जे काम होई ते थोड्या वेळात उरकतो. त्याचे बिंदू विंगेटच्या माणसांच्या मोजणीपेक्षा कितीतरी पटीने बिनचूक असतात. तरीही हद्दीचा तंटा पडला म्हणजे तालुक्याच्या कार्यालयातून जुने टिपण आणि गटबुक बाहेर काढून नवी आकृती त्यावर बसवून पाहावी लागते. आणि ती बसली नाही, तर नुसते यंत्र बिनचूक आहे एवढ्यावर निकाल लागत नाही, शेजाऱ्यास नोटीस जाते, फेरमोजणीची फी भरली जाते, आणि प्रकरण अपिलात जाते.